तुमच्यासारखीच आणा

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीत शाळा सुटली तिथेच राहिलं आहे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते हाताला येईल तसं लिहिते. कुणाच्या हाती ही पानं लागलीच तर त्यांनी समजून घ्यावं. आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची पोरं दरवर्षी दिवाळीला अंक काढतात. यंदा त्यांनी ठरवलं की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्या कामाविषयी लिहून घ्यायचं. वाचनालयातली मुलगी माझ्याकडेही आली होती. मी नको म्हटलं. चारचौघांत बोलले तर माझा आवाज मला स्वतःलासुद्धा ऐकू येत नाही, मग छापून कसलं यायचं? ती गेली, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून माझ्यापुरतं लिहिते आहे. अंकात द्यायचं नाही, तेव्हा गोड लिहायचीही गरज नाही.

मी येरवड्यात राहते. आमच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशा जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. त्यातल्या एका इमारतीत मी हाउसकीपिंगमध्ये होते. हाउसकीपिंग म्हणजे झाडणं, पुसणं आणि संडास धुणं. शब्द नवा आला, काम जुनंच.

या कामात शिकण्यासारखं काय असतं, असं लोकांना वाटतं. असतं. लाल फडकं संडासाला, पिवळं बेसिनला, निळं काचेला, हिरवं पॅन्ट्रीला, म्हणजे चहापाण्याच्या खोलीला. एकाचं फडकं दुसरीकडे गेलेलं दिसलं की पगार कापायचे. औषधाच्या बाटल्यांवर मोठे आकडे असायचे, म्हणजे वाचता न येणारीलाही चुकायला नको. संडासात आधी औषध ओतायचं आणि ते मुरू द्यायचं. तेवढ्यात आरसे पुसून घ्यायचे आणि मग ब्रश मारायचा. नवीन बाई आली की ओतते आणि लगेच घासत बसते, दुपारपर्यंत तिचे खांदे गेलेले असतात. काच पुसताना वायपर वरून खाली एका ओढीत आणायचा आणि दर ओढीला त्याची कड कोरडी करायची. नाहीतर सकाळी स्वच्छ दिसलेल्या काचेवर ऊन फिरलं की सगळे ओरखडे दिसतात आणि साहेबलोक नेमके तेव्हाच पडदा सरकवतात. माझ्या मजल्यावरच्या नळांत तोंड पाहून घ्यावं. हे मी आजही अभिमानाने सांगेन.

आणि आम्ही धुतलेले ते संडास आम्ही वापरायचे नव्हते. लेखी कुठे नव्हतं, पण पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. आमच्यासाठी तळघरात गाड्या लावतात तिथे एक होता. त्याला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीने दार धरून उभं राहायचं. वरच्या मजल्यावरून तळघरात जायचं, तेही सामानाच्या लिफ्टने, आणि ती लिफ्ट बहुतेक वेळा सामानात असायची. आमच्यात सिंधूआत्या होती. नात्याने आत्या नाही, आमच्या गल्लीत सगळे तिला आत्याच म्हणतात. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. ती दिवसभर पाणी प्यायची नाही. घरी आली तरी सुटका नव्हती, कारण वस्तीत तेव्हा घरोघरी संडास नव्हते, सार्वजनिकची रांग होती. दिवसभर दुसऱ्यांचे संडास चकचकीत करायचे आणि सकाळी डबा घेऊन स्वतः रांगेत उभं राहायचं. आत्याच्या मनात एकच गोष्ट होती, आपल्या घरात, मोरीच्या शेजारी, एक संडास बांधायचा.

मला या कामावर रेखाने नेलं. रेखा माझी शेजारीण. तिला ओळखत नाही असा माणूस वस्तीत सापडला नसता. लग्न असो, मयत असो, रेशनचं भांडण असो, रेखा तिथे असायचीच, आणि जो नवीन येईल तोही आधी तिच्याशीच ओळख काढायचा. ती मला कदमांपुढे घेऊन गेली. कदम म्हणजे कंत्राटदाराचा सुपरवायझर. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. रेखालाच विचारलं, कुठे राहते? तुमच्याच गल्लीत? आडनाव काय? रेखाने सांगितलं. तो म्हणाला, "चालेल. अजून एक लागेल. तुमच्यासारखीच आणा."

तुमच्यासारखीच आणा. हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं! सुरुवातीला वाटलं, आमचं काम आवडलं असेल. नंतर कळलं. आम्ही सगळ्या एका गल्लीतल्या असलो की एक आली नाही तर दुसरीच्या हाती निरोप जातो. एकीच्या पिशवीत साबणाची वडी सापडली तर बाकीच्यांना दम देता येतो. एकीने पगार वाढवून मागितला तर बाकीच्याच तिला गप्प करतात, कारण आपलीही जायची भीती. एकसारख्या बायका म्हणजे एकाच दाव्याला बांधलेल्या म्हशी. एकीला ओढलं की सगळ्या येतात.

पॅन्ट्रीचं आणखी वेगळं. पॅन्ट्रीतल्या बाईला कप धुवायचे, चहाचं मशीन भरायचं, बिस्किटं मांडायची. खाली बसायला स्टूल असायचं आणि पगार थोडा जास्त. तिथल्या बायका दुसऱ्या बाजूच्या, त्यांची आडनावं दुसरी. आमच्या गल्लीतली एकही बाई कधी पॅन्ट्रीत नव्हती. असं का, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. पॅन्ट्रीतल्या बाईला सांगायचे तुमच्यासारखीच आणा, ती तिच्यासारखी आणायची. संडासवालीला सांगायचे तुमच्यासारखीच आणा, ती तिच्यासारखी आणायची. कुणी कुणाला हाकलत नव्हतं. नुसत्या ओळखीच्या जोरावर वरचे वर आणि खालचे खाली राहत होते. त्याचाच मला जास्त राग येतो. हाकललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एकदा मी धीर करून कदमाला विचारलं, साहेब, पॅन्ट्रीत जागा झाली तर माझं बघा ना. तो म्हणाला, जागाच नाही. सोमवारी तिथे नवीन बाई उभी होती. मी पुन्हा गेले. यावेळी त्याने निदान माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मंदाबाई, ती त्यांच्या ओळखीची आहे. तुमची तिथे ओळख आहे का कुणाची?" मी काय सांगणार? माझ्या ओळखीच्या सगळ्या माझ्यासोबत संडासातच होत्या.

वरच्या लोकांचं काही वेगळं होतं असं समजू नका. जेवणाच्या हॉलमधली टेबलं मी पुसायचे. टेबलावर सांडलेलं पाहून तिथे कोण बसलं होतं ते कळायचं. एकावर सांबाराचे ओघळ, एकावर माशाचे काटे, एकावर मोहरीच्या तेलाचा वास, एकावर शेंगदाण्याचं कूट. रोज त्याच टेबलावर तेच. नवीन मुलगा आला की पहिले काही दिवस खांबाजवळ एकटा जेवायचा, फोन कानाला लावून. मग कुणीतरी त्याच्या भाषेत हाक मारायचं आणि तो त्या टेबलाचा होऊन जायचा. पुढे तोच आपल्या कॉलेजातल्या मित्राला कंपनीत आणायचा. मित्र आणला की त्यांना बक्षीस मिळतं, हे मला तिथेच समजलं. आम्ही एवढ्या बायका आणून दिल्या, आम्हाला कधी चहासुद्धा मिळाला नाही.

आता बोर्डाची गोष्ट. मीटिंगच्या खोल्यांत पांढरे बोर्ड असतात. रोज संध्याकाळी ते पुसायचे, हे आमचं काम. एका संध्याकाळी मी एक बोर्ड पुसला. त्यावर पुष्कळ टिंबं होती आणि टिंबांमधून रेघा. कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी लिहून चौकोन केला होता. मी सगळं पुसलं आणि कोपराही घासून लख्ख केला. सकाळी गोंधळ. श्रुती नावाची एक मॅडम होती, वयाने माझ्या मुलीएवढी. ती दारात येऊन म्हणाली, "मावशी, बोर्ड कुणी क्लीन केला? डोन्ट इरेज लिहिलं होतं ना एवढं मोठं!"

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ती एकदम गप्प झाली. पण कदम गप्प नाही झाला. त्याने माझा अर्धा दिवस कापला. बाटल्यांवर आकडे घालायची अक्कल होती, फडक्यांना रंग द्यायची अक्कल होती, कारण त्यात त्यांचा फरशीचा खर्च वाचतो. आणि जी बाई बोर्ड पुसणार तिच्यासाठी 'पुसू नका' हे लिहिलं इंग्रजीत. ते वाचणार कोण? ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात बोर्ड पुसलेला नव्हता.

वर आणखी हे, की मॅडमच्या फोनमध्ये त्या बोर्डाचा फोटो होता. म्हणजे गेलं काहीच नव्हतं. तिने त्यात बघून पुन्हा सगळं काढलं. माझा अर्धा दिवस मात्र परत आला नाही. तिने कदमाला सांगून पाहिलं, तो तिला हो म्हणाला आणि मला नाही.

तिला वाईट वाटलं असावं. काढता काढता तिने मला समजावून सांगितलं. मी पोछा घेऊन उभी होते. एक टिंब म्हणजे एक माणूस. जी माणसं एकमेकांसारखी, त्यांची टिंबं जवळ जवळ काढायची. जवळच्या टिंबांत रेघ लगेच जुळते, लांबच्यांत क्वचित. काही टिंबांना मात्र खूप रेघा असतात, कारण ज्याच्या ओळखी आधीच पुष्कळ, त्याच्याशीच नवीन माणूस ओळख काढायला जातो. मला रेखा आठवली. मी विचारलं, मग या लांबच्या दोन-चार रेघा कशाला काढल्या? ती म्हणाली, "त्याच महत्त्वाच्या, मावशी. त्या काढून टाकल्या तर हा सगळा गठ्ठा एकटा पडतो. या गठ्ठ्यातलं त्या गठ्ठ्यात काही जातच नाही."

मी विचारलं, याचं तुम्ही करता काय? तिने हसून सांगितलं, कुणाला काय विकायचं ते ठरवतो, एकाने घेतलं की त्याच्यासारख्याला दाखवायचं. एवढी हुशार पोरगी आणि काम हे. असो, तिचाही पोटाचाच प्रश्न.

टिंबांचा तो गठ्ठा म्हणजे आमची भिशी. आमच्या तळघरात, कपडे बदलायच्या जागी, ती सुरू झाली. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळे उचलायचे. उचलल्यावरही शेवटपर्यंत घालत राहायचं. चालवणारीला पहिली भिशी बिनचिठ्ठीची मिळते. पण कुणी बुडवलं तर तोंडही तिनेच द्यायचं, असा रिवाज आहे. भिशी चालवायला मला दिली, कारण मी कुणाशी भांडत नाही आणि कुणाच्या घरी जाऊन बसत नाही. पगारानंतरच्या रविवारी विहारात वंदना झाली की बाहेरच्या पायरीवर आम्ही चिठ्ठ्या काढायचो. पहिली भिशी मी उचलली, त्यात गॅसची शेगडी आणि घरावर पत्रे आले.

भिशीत नवीन बाई येते ती जुनीच्या ओळखीने. रेखाने तिची बहीण आणली, बहिणीने तिची जाऊ. सगळ्या एका गल्लीतल्या, एका विहारातल्या, एका कंत्राटदाराच्या पगारावरच्या.

शमीम पलीकडच्या गल्लीत राहायची. तिचं घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. ती शिवणकाम करायची. कंपनीचे युनिफॉर्म सगळे एकाच मापाचे यायचे, कारण ते शिवून घेणाऱ्यांच्या मते आम्ही सगळ्या एकाच मापाच्या होतो. ते उसवून आमच्या अंगाजोगे करून द्यायची शमीम. एकदा मी माप द्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, मंदाताई, तुमच्या भिशीत मलाही घ्या, मला आणखी एक मशीन घ्यायचं आहे.

मी रविवारी पायरीवर तिचं नाव काढलं. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा काढलं. मग ऐकू गेलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. विहाराच्या पायरीवर ती कशी बसेल? ती आपल्यासोबत कामाला नाही, तिच्या कमाईचा अंदाज कसा घ्यायचा? रेखा म्हणाली, "ती आपल्यातली नाही. उद्या पळाली तर कुणाच्या दारात जायचं?"

मी म्हटलं, "आणि आपल्यातली पळाली तर?"

रेखा हसली. "आपल्यातली कुठे पळणार? तिला काय दुसरी वस्ती आहे?"

शमीमला नाही सांगायला मलाच जावं लागलं. तिने पायाखालचं मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, पायरी दगडाचीच आहे ना, मला वाटलं बसता येत असेल.

मला तेव्हा राग आला तो अजून गेलेला नाही. ज्या बायकांना पॅन्ट्रीत उभं राहू दिलं नाही त्याच ह्या बायका. आडनाव विचारल्यावर जीभ कशी कोरडी पडते हे ज्यांना पाठ आहे त्याच. आम्हाला कुणी आपल्यात घेतलं नाही, म्हणून आम्हीही आमचं एक आपलं केलं आणि त्याला दार लावून घेतलं. पॅन्ट्रीच्या दाराला निदान काच होती.

मग परदेशातल्या बँका बुडाल्या. त्या कुठे बुडाल्या आणि आमचा त्यांच्याशी काय संबंध, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण आधी सांबाराचं टेबल रिकामं झालं. एकाच कामावरची, एकमेकांनी आणलेली मुलं, ते काम बंद पडलं आणि आख्खं टेबल एका आठवड्यात उठून गेलं. मी ते टेबल सवयीने पुसत होते. पुसायला काही नव्हतं. मग कंपनीने दोन मजले सोडले, कंत्राट काढून दुसऱ्याला दिलं. नव्या कंत्राटदाराचा सुपरवायझर आला आणि त्याने त्याच्या बाजूच्या बायका आणल्या. त्यालाही कुणीतरी सांगितलंच असणार, तुमच्यासारख्याच आणा. गेटवर आमची कार्डं काढून घेतली. पिशव्या मात्र नेहमीसारख्या तपासल्या, जाता जाता आम्ही त्यांचा फिनेल नेऊ म्हणून. कदमही त्याच दिवशी गेला. तो जाताना आमच्या रांगेत उभा होता आणि त्याचीही पिशवी तपासली, तेवढंच समाधान.

त्या दिवशी गल्लीत चूल न पेटलेली घरं एक-दोन नव्हती, पुष्कळ होती. एकीचं काम गेलं तर दुसरी उसने देते, तशीच आमची वस्ती चालायची. पण एकाच दिवशी सगळ्यांचं गेल्यावर कोण कुणाला देणार? मी जिच्या दारात मागायला जावं, ती माझ्याच दारात यायला निघालेली. भिशीत पैसे यायचे बंद झाले. ज्यांनी उचलले होते त्यांनी हात वर केले. उचलायच्या राहिलेल्या दोघीच होत्या, कांता आणि सिंधूआत्या.

कांता आली ती हातगाडी घेऊनच. माझी शेगडी, सिलिंडर आणि कुकर तिने गाडीवर चढवला आणि म्हणाली, आपला हिशेब मिटला. मी हो म्हटलं. आत्या आली नाही. तिने काही विचारलं नाही आणि मला तेच सोसेना.

ज्यांनी उचलून घालायचं थांबवलं त्यांच्याकडे मी गेले. माझ्यासारख्या बाईला दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. कुणी रडली, कुणी मुलाला बाहेर पाठवून आई घरी नाही असं सांगितलं. रेखाच्या दाराला कुलूप होतं. तिने भिशी नुकतीच उचलली होती. कळलं की ती धायरीला भावाकडे राहायला गेली. मी दोन बस बदलून धायरीला गेले. तिथे एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला ती पातेली घासत बसली होती. कोपरापर्यंत राख. मला बघून उठली नाही.

मी म्हटलं, "रेखा, आत्याचे पैसे."

"माझ्याकडे असते तर मी पळाले असते का, मंदा?" ती पातेल्यातच बघत बोलत होती. "पोराच्या ऑपरेशनला गेले. हवं तर हे पातेलं घेऊन जा, ते पण माझं नाही."

"मला सांगून तरी जायचंस."

"तुला काय सांगायचं? तू बोलत नाहीस नुसती बघतेस. त्यापेक्षा पळालेलं बरं."

मी तिला खूप काही ऐकवायचं ठरवून गेले होते. बसमध्ये सगळं घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. तिने हात धुऊन मला कार्यालयातली उरलेली जिलबी पानात बांधून दिली. मी ती घेतली आणि येताना बसमध्ये रडत रडत खाल्ली. राग असा की आवरेना, आणि भूकही तशीच.

कामासाठी मी कुठे कुठे फिरले. प्रत्येक गेटवर एकच प्रश्न, ओळखीचं कुणी आहे का आत? माझ्या ओळखीचं आत कुणी उरलंच नव्हतं, सगळ्या माझ्याबरोबर बाहेर आल्या होत्या. शेवटी शमीमच्या दारात गेले. तिच्याकडे मशीन धडाधड चालू होतं. तिची गिऱ्हाइकं कुठली कुठली. कुणी शाळेचे गणवेश देणारा, कुणी कॅम्पातलं साड्यांचं दुकान, कुणी लग्नघर, कुणी नर्सबाई. एकमेकांना ओळखतही नव्हती ती. एकाचं काम थांबलं तर दुसऱ्याचं चालू असायचं.

मी दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "या. तुमच्या भिशीत मला घेतलं नाहीत ते फार उपकार झाले, मंदाताई. घेतलं असतंत तर मीही बुडाले असते."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, मान खालीच ठेवा, फॉल लावायला तशीच लागते. आणि साड्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

शमीम काही देवी नव्हती. भाव तिने बाजारापेक्षा एक पैसा वर दिला नाही. टाका वाकडा गेला की उसवून परत करायला लावायची आणि त्या वेळेचे पैसे द्यायची नाही. सहा महिन्यांनी हुकं आणि काजं हाती दिली, मग ब्लाउज. कामाव्यतिरिक्त बोलली नाही. पण आडनावही विचारलं नाही. मापं घ्यायची टेप ती गळ्यात अडकवायची, ज्याचं जे माप असेल ते घ्यायची.

आत्या आणि मी रोज सकाळी भेटायचो, सार्वजनिक संडासाच्या रांगेत. देणेकरी आणि घेणेकरी, हातात डबा घेऊन एकामागे एक. लपायला जागाच नव्हती, कारण गल्ली एक आणि रांगही एक. पहिल्या दिवशी मी मागे मागे राहिले. आत्याने सगळ्यांदेखत हाक मारली, "मंदे, पुढे ये. मला काय घाई आहे? तुला शिवायला बसायचंय, माझे पैसे कमवायचेत." रांग हसली. मी पुढे गेले. त्यानंतर रोज तिने मला पुढे सोडलं, गुडघे धरून स्वतः मागे उभी राहून. त्यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जमेल तसे दर महिन्याला मी तिला देत गेले. कधी थोडे, कधी अगदीच थोडे. वर्षं गेली. बाकीच्या बायकांना हळूहळू दुसरी कामं लागली, पुन्हा एकीने दुसरीला नेऊन, पुन्हा सगळ्या एकाच ठिकाणी, यावेळी एका मॉलमध्ये. त्यातल्या एकीनेही मला विचारलं नाही की मंदा, आम्ही उचललेल्यातलं काही आमच्याकडून घेतेस का. रस्त्यात भेटल्या की चांगल्या बोलतात. मीही बोलते. माझा राग त्यांना दिसत नाही, कारण माझा आवाजच कुणाला ऐकू येत नाही.

शेवटचा हप्ता घेऊन मी आत्याकडे गेले ती सकाळची वेळ होती. मोरीच्या शेजारची जागा तिने इतकी वर्षं मोकळी ठेवली होती, तिथे फक्त एक बादली. ती म्हणाली, काल गवंडी येऊन गेला. मी विचारलं, काय म्हणाला? तिने सांगितलं. विटा, सिमेंट, मजुरी, खड्डा. भिशी लागली असती त्या वर्षी जेवढ्यात सगळं झालं असतं, तेवढ्यात आता नुसता खड्डा आणि भांडं होतं. भिंती नाहीत, दार नाही.

माझ्या अंगाची आग झाली. इतकी वर्षं मी टाके घातले, डोळे गेले, आणि तरी ते कमीच. मी म्हटलं, "आत्या, हे पुरणार नाहीत. मी अजून देते."

"अजून कशाचे? तू घेतलेस तेवढे दिलेस."

"पण भाव वाढले."

"तू वाढवलेस का?" आत्या म्हणाली. "ज्यांनी वाढवले त्यांचं दार मला माहीत नाही, मंदे. ज्यांनी गेटवर कार्डं काढून घेतली त्यांचंही माहीत नाही. तुझंच माहीत होतं, म्हणून तुझ्याकडून घेतले."

मी नोटा तिच्या हातात ठेवल्या. तिने पैसे मोजले. बोट जिभेला लावून, सावकाश, एकदा पुढून आणि एकदा मागून. शेवटची नोट घेऊन ती गुडघ्यावर हात टेकत उठली, दारात गेली आणि उन्हात धरून पाहिली. खरी होती. देणं पूर्ण फिटलं.